आधी टोपडं

आमच्याकडे पुढच्या महिन्यात पाळणा हलणार आहे. आमच्याकडे म्हणजे प्रत्यक्षात फिनलंडमध्ये! भाचा आणि भाचेसून तिकडे असतात. परवा सुनेने एका खोक्याचा फोटो पाठवला. चांगलं मोठं पुठ्ठ्याचं खोकं, आत घड्या घालून ठेवलेले इवलेइवले कपडे, पांघरूण, टोपी, मोजे आणि तळाशी छोटीशी गादी. "मावशी, हा इथल्या सरकारचा बाळंतविडा. आता तुम्ही काही शिवू नका, डोळ्यांना त्रास होतो ना!" असं वर लिहिलेलं.

आता मला कुणी 'शिवू नका' म्हटलं की हात शिवशिवायला लागतात, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी मलमल आणली, भिजवून वाळवली आणि बेतायला बसले. बेतताना डोक्यात मात्र भलतेच विचार सुरू झाले. बाळासाठी शिवायची ही रीत आली कुठून? आपण शिवतो ते बाळासाठी की स्वतःच्या हौसेसाठी? आणि या सगळ्यातून जव्हारजवळचं साखरशेत पुन्हा आठवलं. ते का, ते ओघात सांगेनच.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. दुपटं म्हणजे दोन पट, दोन पदर एकावर एक ठेवून शिवलेलं. अंगडं अंगात घालायचं. टोपडं डोक्याला, हनुवटीखाली बंद बांधायचे. कुंची म्हणजे टोपडं आणि पाठीवर सोडलेली झूल एकत्र. ती बहुधा खणाची, काठाला जर लावलेली, बारशाला मिरवायची. झबलं, लंगोट, बाळुती ही रोजची. सुई आणि सुईण हे शब्द कानाला सख्खे वाटतात, पण नातं काही नाही. सुई आली 'सूची'वरून आणि सुईण 'जन्म देणे' या अर्थाच्या धातूवरून. तरी बाळ जन्मलं की आधी सुईण आणि पाठोपाठ सुई, हा क्रम आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला.

'पाठोपाठ' हा शब्द मुद्दाम वापरला. कारण आमच्या घरी जन्माआधी बाळासाठी काही शिवायचं नाही, असा दंडक होता. तुमच्याकडेही असेल. बारशापर्यंत नवं कापड अंगाला लावायचं नाही. पहिले दिवस आजीच्या जुन्या लुगड्याचं किंवा आजोबांच्या विरलेल्या धोतराचं फडकं. लहानपणी मला हा निव्वळ चिक्कूपणा वाटायचा. पुढे वाटलं अंधश्रद्धा. मग जुने आकडे वाचनात आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे दोनशे वर्षाच्या आत जात. म्हणजे पाचातलं एक. अशा काळात जन्माआधी झबली शिवून ठेवायची छाती कुणाची होणार? रिकामं झबलं घरात राहणं याहून जड काही नाही. ज्या काळजीपोटी पोराचं नाव धोंडू, दगडू ठेवत, त्याच काळजीपोटी त्याला जुनेर नेसवत. 'हे काही फार मोलाचं नाही हो, याच्याकडे नका बघू,' असं कुणाला तरी सांगायचं. त्या कुणाचं नाव घ्यायचीही भीती.

शिवाय या रिवाजात शहाणपण होतंच. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड नवजात कातडीला टोचत नाही, घाम टिपतं, पटकन वाळतं. नव्या कापडाला खळ असते, ती बाळाला खाजते.

गंमत म्हणजे हे काही आपलंच वैशिष्ट्य नाही. बंगालमधली कांथा आपल्या गोधडीची सख्खी बहीण. जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि त्यावर धावदोरा. चीनमध्ये 'शंभर घरांचं वस्त्र' करायची पद्धत होती. घरोघरी जाऊन चिंध्या मागायच्या आणि त्या जोडून बाळाला अंगरखा शिवायचा. जपानमध्ये कानाझावाच्या बाजूला अशाच पोषाखाला 'ह्याकुतोकु' म्हणत. शंभर घरांचं पुण्य बाळाच्या अंगावर. कल्पना अशी, की एका घराच्या नशिबावर बाळ सोडायचं नाही. सगळ्या गावाने थोडंथोडं राखायचं.

ही कल्पना लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता आजीबद्दल. आजोळ आमचं नाशिकचं. आजीकडे हात फिरवायचं शिवणयंत्र होतं, पण बाळाचं काहीही ती हातानेच शिवायची. तिचे नियम ठरलेले. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आत बाळाला घासत नाही. बटण नाही, बंद. गळ्यापाशी बंद नाही, तो पाठीवर. टिकल्या, लेस, झालर काही नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम : "आधी टोपडं." घरात, वाड्यात, अगदी दूधवाल्याकडे बाळ झालं तरी पहिल्याच दिवशी आजीचं टोपडं पोचायचं. दुपटं, झबलं मागाहून सावकाश. मी एकदा वैतागून विचारलं, "आजी, झबलं आधी का नाही? टोपडं काय, एवढंसं तर असतं." आजी म्हणाली, "एवढंसंच असतं म्हणून आधी होतं."

तेव्हा ते उत्तर मला उडवाउडवीचं वाटलं होतं.

आजी गेल्यावर मावशीने सांगितलं. आमच्या आईच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. १९४४ सालच्या पौषात. नवव्या दिवशी गेला. आजी तेव्हा अठरा वर्षांची. कडाक्याची थंडी होती, बाळ अशक्त होतं, आणि घरात पुरेसं कापड नव्हतं. घर काही भिकेला लागलेलं नव्हतं, बरं का. पण तो महायुद्धाचा काळ. गिरण्यांचा माल लष्कराकडे चाललेला, किमती आभाळाला भिडलेल्या. १९४३ साली सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. कापड रेशनवर मिळू लागलं. बायका एकेक लुगडं दंड घालून वापरत होत्या. विरलेलं जुनेर बाजूला पडेल तेव्हा ना बाळाला मिळणार! तेच अजून आईच्या अंगावर होतं.

मावशी म्हणाली, "बाळाला गुंडाळलं होतं गं, पण डोकं उघडं राहिलं, असं ती आयुष्यभर म्हणत राहिली." खरंच त्याने गेलं का, कोण सांगणार? आजीने मात्र स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. आणि शिक्षा म्हणून म्हणा, प्रायश्चित्त म्हणून म्हणा, पुढची पन्नास वर्षं ती टोपडी शिवत राहिली.

इथे मला पहिल्यांदा कळलं, की गोधडीला आपण उगाच गरिबीची खूण म्हणतो. गोधडी व्हायला घरात जुनी लुगडी उरावी लागतात. दोन-चार तरी. ज्या घरात बाईचं एकच लुगडं, तिथे ते विरत विरत अंगावरच संपतं. त्याची गोधडी होत नाही.

आणि अशी घरं फार लांब नव्हती. नाशिकहून त्र्यंबकेश्वर ओलांडून घाट उतरलं की मोखाडा आणि पुढे जव्हार. जव्हार हे मुकणे घराण्याचं छोटं संस्थान. १९४८ साली ते विलीन झालं आणि ठाणे जिल्ह्यात आलं. या सगळ्या पट्ट्यात वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी. डहाणू-तलासरीकडे जमीनदारांची वेठ चालायची. १९४५ साली वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. ते पुस्तक आलं १९७० साली आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९७२ मध्ये. वाचलं नसेल तर जरूर वाचा. पुरुषाच्या अंगावर लंगोटी आणि बाईच्या अंगावर आखूड लुगडं, अशा घरात बाळंतविडा हा शब्द तरी कुणी कुणासाठी उच्चारायचा?

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज आपण सहज 'अंगणवाडी' म्हणतो. त्या शब्दामागे याच जिल्ह्यातली अंगणं आहेत. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव अंगणवाड्या झाल्या.

तरीही १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली. आमच्या पिढीने ते वर्तमानपत्रात वाचलं. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत! उपासमार, कुपोषण, त्यातून येणारे आजार, आणि दवाखान्यापर्यंत रस्ता नाही. त्यानंतर १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. २०१६ मध्ये मोखाड्यातून पुन्हा बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. म्हणजे प्रश्न संपला, असं म्हणायची सोय नाही.

आता साखरशेत.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाणे जिल्हा दुभंगून पालघर जिल्हा झाला. त्यानंतरच्या जानेवारीत आमच्या डोंबिवलीच्या भिशी मंडळाने ठरवलं, की या वर्षी संक्रांतीचं वाण म्हणून आदिवासी बाळांसाठी कपडे शिवायचे. बारा जणी, दोन महिने. कुणी फ्रॉक, कुणी झबली, कुणी लोकरीचे बूट. माझे सात फ्रॉक होते, झालरीचे, गुलाबी नायलॉनची लेस लावून. (हो, आजीच्या नातीने! बघणारा 'वा' म्हणावा ही हौस कुणाला चुकली आहे?) एका ओळखीच्या शिक्षकांनी साखरशेत सुचवलं. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत आम्ही पोचलो. भाताची शेतं कापून गेलेली, खाचरं कोरडी. डोंबिवलीत आम्ही पंखा लावून झोपलो होतो आणि तिथे सकाळी दहालाही सावलीत शाल लागत होती.

तिथल्या एक ताई बाळांचं काम बघायच्या. त्यांनी आमची बोचकी उघडून घेतली, एकेक कपडा हातात घेऊन बघितला, "छान शिवलंय मॅडम" म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "यात टोपरं आहेत का?"

शोधाशोध केली. साठ-पासष्ट कपड्यांत टोपडी निघाली चार.

त्या काही रागावल्या नाहीत. पण बोलत्या झाल्या. मॅडमची मावशी झाली. "मावशी, फ्रॉक वर्षाच्या पोरीला होतो. तोवर जगायला पाहिजे ना पोर. दीड-दोन किलोचं जन्मतं, त्याला काय लागतं? टोपरं, मोजे, आणि मऊ धडपा. ही लेस टोचते. ही गळ्यातली रिबीन मी कापून टाकीन, चालेल ना?" आणि मग म्हणाल्या, "अन् दिवाळीच्या आधी या. आता निम्मी बाळं भेटायची नाहीत तुम्हाला."

बाळं कुठे गेली? आईबापांबरोबर वीटभट्टीवर. भात, नागली, वरई हाताशी आली की गावात काम नसतं. मग भिवंडी-वसईकडच्या भट्ट्या. तिथे ताडपत्रीच्या खोपीत नाहीतर झाडाला बांधलेल्या झोळीत बाळ. झोळी म्हणजे काय? आईचं लुगडंच. म्हणजे तेच एक कापड पाळणा, तेच दुपटं, तेच पांघरूण.

एका अंगणात एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. बाळाच्या डोक्याला जुन्या बनियनची बाही, वरचं तोंड दोऱ्याने आवळून बांधलेली. झालं टोपडं! ना बेतणं, ना काज. मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या सात फ्रॉकांपेक्षा ती बाही शहाणी होती. आणि मला एकदम आमच्या आजीचं वाक्य ऐकू आलं : एवढंसंच असतं म्हणून आधी होतं.

घरी आल्यावर मी वाचायला बसले. नवजात बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने खूप मोठं असतं. अंगातली बरीच ऊब उघड्या डोक्यातून निघून जाते. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते. ऊब टिकवायलाच त्याची शक्ती खर्ची पडते, मग दूध ओढायचं त्राण राहत नाही, दूध नाही म्हणून ऊब नाही. असं ते चक्र. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं, आणि ऊब राखायची. ३९ गावांत हे काम झालं. तिथे १९९३-९५ मध्ये हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर १९९७-९८ मध्ये साडेपंचवीसवर आला. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्तींना अशा कामासाठी जी पिशवी मिळाली, तिच्यात वजनकाटा आणि थर्मामीटरबरोबर बाळाचं ब्लँकेटही होतं. तिकडे कोलंबियात, बोगोटाला, १९७८ पासून डॉक्टर कमी दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवू लागले होते. बाळाला लंगोट आणि डोक्याला? टोपी!

टोपड्याने पोट भरत नाही, हे मला कळतं. वावर-वांगणीची बाळं टोपडी नव्हती म्हणून गेली नाहीत. पण ज्या पाच-सात गोष्टी सगळ्या एकदम लागतात, त्यांतली ही एक आहे आणि ती माझ्या हाताला येते.

आता परत फिनलंडकडे. ते खोकं १९३८ साली सुरू झालं. तेव्हा तो देश गरीब होता. दर हजारी ६५ बाळं वर्षाच्या आत जायची. सुरुवातीला फक्त कमी उत्पन्नाच्या आयांना मिळायचं. १९४९ पासून सगळ्यांना, पण एका अटीवर : चौथा महिना संपायच्या आत दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं. आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या काही वर्षांत त्या खोक्यात नुसतं कापडही असायचं, कारण आया बाळाचे कपडे घरीच शिवत. महायुद्धात सुती कापड लष्कराकडे गेलं, तेव्हा काही चादरी, बाळाला गुंडाळायची फडकी चक्क कागदाची होती. (नाशिकला आमची आजी आणि तिकडची कुणी आजी, एकाच वर्षी एकाच टंचाईत!) १९५७ पर्यंत कापड पूर्ण जाऊन तयार कपडे आले. आपल्याकडेही २०१९ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने पहिल्या बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात येणाऱ्या आयांना दोन हजार रुपयांपर्यंतचा असाच संच द्यायला सुरुवात केली होती. कपडे, छोटी गादी, मच्छरदाणी, ब्लँकेट, थर्मामीटर वगैरे.

म्हणजे बघा, शंभर घरांनी चिंधी चिंधी देऊन एक अंगरखा करायचा, तीच ही कल्पना. फक्त घरं शंभराऐवजी लाखो, आणि चिंधीऐवजी कर. सगळ्या गावाने थोडंथोडं राखायचं. फरक एवढाच, की जिथे ही रीत नेटाने टिकली तिथे जन्माआधी शिवायची भीती उरली नाही. माझी भाचेसून सातव्या महिन्यात निर्धास्तपणे झबल्यांचे फोटो पाठवते. आमच्या आजीची ती हिंमत झाली नसती. साखरशेतच्या त्या आजींची झाली असती का?

त्या वर्षी आम्ही पुन्हा शिवलं. या वेळी दसऱ्याआधी. फ्रॉक एकही नाही. स्वच्छ धुऊन उकळलेल्या जुन्या होजिअरीची टोपडी, मोजे आणि मलमलची दुपटी. दिसायला अगदीच साधं. भिशीतल्या एकीने विचारलंही, "हे काय, फोटो काढण्यासारखं काहीच नाही यात." नव्हतंच. ताईंनी बोचकं सोडलं, हात घालून मूठभर टोपडी वर काढली आणि काही न बोलता दोन ढीग करायला लागल्या. एक इथल्यांसाठी, एक भट्टीवर जाणाऱ्यांसाठी. दुसरा ढीग मोठा होता.

असो. फिनलंडच्या बाळाला कशाचीच कमतरता नाही, हे मला मान्य आहे. तरी कुरिअरने एक पुडकं निघालं आहे. आजीच्या शेवटच्या लुगड्याचा एक तुकडा मी जपून ठेवला होता. मऊसूत, रंग उडालेला. त्याचं केलंय. शिवण बाहेरच्या बाजूला. सुनेला चिठ्ठीत लिहिलंय, की बाकीचं सगळं खोक्यातलं घाल, पण दवाखान्यातून घरी आणताना हे घाल.

काय शिवलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.